तेवीस देवांचं बन

"झाडांची वयं मोजायला सोलापुरावनं माणूस येतंय म्हणं. आन् माजं वय? ह्या घरात कुणाला ठावं हाय? मी झाड असते तर कुणीतरी इचारलं असतं."

घोंगड्यातनं आलेली ही कुरकुर बनाबाईची होती. हळू होती, पण ऐकू जावी इतपतच हळू. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या सुनेची पाठ आणि सासूचं तोंड यांत हातभर अंतर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून म्हातारीचं सगळं जगणं तोंडात येऊन बसलं होतं.

"तुमी झाड असता आत्या, तर मेंढरांनी पाला खाल्ला असता तुमचा," गोजाबाई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिनं जीभ चावली.

म्हातारीनं घोंगडं डोक्यावर ओढलं. दारात घोंगडं झटकणारा तिचा नवरा ज्ञानू मधेच थांबला, मग गरज नसताना आणखी दोनदा झटकून आत आला. त्या घरात पाच वर्षं झाली, काही शब्द बंद होते. पाला हा त्यातला एक. कुऱ्हाड दुसरा. घरात कुऱ्हाड होती, सरपण तिनंच फुटायचं, पण नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईसारखं तिला 'ते' म्हणत. "ते कुटं ठेवलंय?" "त्ये काय, कोपऱ्यात."

बनसिद्धाचं बन त्यांच्या खोपटापासून हाकेच्या अंतरावर सुरू व्हायचं. सांगोल्याच्या पुढचा तो सगळा माळ उघडाबोडका; कुसळं, हिवर आणि दगड. त्यात ही चौदा एकरांची अंजनाची राई म्हणजे टक्कल पडलेल्या माणसाच्या डोक्यावर शेंडी राहावी तशी. बनात लोखंड न्यायचं नाही, ही रीत. पहिल्या झाडाच्या अलीकडं एक सपाट दगड होता. कुऱ्हाड, कोयता, मेंढरं कातरायची कातर, सगळं त्यावर ठेवून आत जायचं. बायका झंपराची पिनसुद्धा काढून ठेवत. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांना तर चष्मा ठेवावा लागला होता, दांडीतली तार लोखंडी निघाली म्हणून. मग साहेब देवाऐवजी खांबाच्या पाया पडले होते. ही रीत सांभाळायचं काम ज्ञानूच्या घराण्याकडं. दिवाबत्ती करायची, बन राखायचं, आणि त्यापायी देवाची चार एकर माळजमीन कसून खायची.

आता त्या बनावरच आलं होतं. पौषात फॉरेस्टचा गार्ड रावजी सायकलवरनं निरोप घेऊन आला. वरच्या जुन्या कागदात लिहिलंय म्हणाला, की मागं शंभर वर्षांपूर्वी, अठराशे शहात्तरच्या मोठ्या दुष्काळात हे रान सपाट तोडलं गेलं. म्हणजे आत्ताची झाडं त्यानंतरची. जुनं काही नाही, नुसतं झुडपी रान. तेव्हा मृगाच्या आत ते साफ करून नीलगिरी लावायची.

"नीलगिरी मेंढरं खात्यात का?" गोजाबाईनं विचारलं होतं.

"नीलगिरी उंटबी खात न्हाय वहिनी," रावजी चहा ओढत म्हणाला होता. "पर सरळ वाढती. सायेबांना सरळ आवडतंय."

मग कुणाकडून तरी ही गोष्ट सोलापूरच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या मास्तरांच्या कानावर गेली. संगप्पा हत्तुरे त्यांचं नाव. बन दोनशे वर्षांचं असेल, आणि मधे कधी तोडलं गेलेलं नसेल, तर ते राखायला पाहिजे, असं त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, सिद्ध करा. महिन्याची मुदत.

गाव खूश झालं. खूश झालं, आणि त्याच दिवसापासून गावाला झोप येईना.

*

हत्तुरे सर फाल्गुनातल्या मंगळवारी एसटीनं आले. बुटके, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग ठेवायची रुप्याची डबी, करडी, हातात पत्र्याची ट्रंक. बोलायचे पुस्तकातलं मराठी, पण शेवट कानडीसारखा वर उचलायचे, त्यामुळे साधी गोष्टही विचारल्यासारखी वाटायची. ट्रंकेतून त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेलं एक हत्यार काढलं. आतून पोकळ पोलादी नळी, टोकाला मळसूत्र, वर आडवी मूठ.

"गिरमीट हाय की," ज्ञानू म्हणाला.

"गिरमीटच. परदेशातून मागवलंय. झाडाच्या पोटापर्यंत जातं आणि बोरूएवढी काडी बाहेर काढतं. झाड मरत नाही. भोक मेणानं बुजवायचं."

"लोखंड हाय त्ये."

"हो," सर म्हणाले. "म्हणून तुमच्याकडं आलो आधी. देवाला विचारा. नको म्हणाला तर मी उद्याच्या गाडीनं परत जातो."

कौल लावायचा ठरला. देवाच्या तांदळ्याच्या, त्या अनघड दगडाच्या, दोन खांद्यांवर दोन ओली पानं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गाव जमलं. सरपंच कल्लप्पा पुढं, फेटा बांधून. ज्ञानूनं पाणी लावून पानं बसवली आणि डोळे मिटून म्हणाला, "बनसिद्धा, पेन्सिलीएवढं लोखंड हाय. तुज्या बऱ्यासाठीच हाय. काय ती आज्ञा दे."

गोजाबाई बायकांच्या घोळक्यात, पदराच्या आड हात जोडून उभी होती. तिच्या ओठांवर एकच होतं, डावं पाड. बापा, डावं पाड.

वारा नव्हता. माणसं श्वाससुद्धा जपून घेत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग उजवं पान कडेनं सुटलं, लोंबकळलं, आणि पडलं.

घरी आल्यावर तिनं सासूला सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि कूस बदलली. "त्यालाबी मोजून घ्यायचं दिसतंय."

*

गिरमीट फिरवायला ज्ञानूच लागला. पुजाऱ्यानं परवानगी काढली, तर पहिला हातही पुजाऱ्याचाच, असं कल्लप्पानं सगळ्यांच्या वतीनं ठरवून टाकलं. म्हणजे काही वाईट झालं तर तेही पुजाऱ्याचंच.

अंजनाचं लाकूड म्हणजे लाकूड नव्हे. पाण्यात टाकलं तर धोंड्यासारखं तळाशी जातं. मुठीला छाती लावून ज्ञानू अर्धं अर्धं वेटोळं फिरवायचा आणि नळी आत जाताना करकर वाजायची. त्या आवाजानं गोजाबाईच्या दाढा शिवशिवायच्या. दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले. संध्याकाळी ती ते हळदीनं भरायची. तो हात पुढं करून दुसरीकडं बघत बसायचा.

पहिली काडी निघाली तेव्हा सरांनी ती दुधाच्या भांड्यासारखी दोन्ही हातांनी धरली. पितळी रंगाची, आत जाईल तशी काळपट, आणि तिच्यावर आडव्या बारीक रेघा. घोंगड्याच्या काठावर असतात तशा, पण इतक्या दाट की विणणाऱ्याचे डोळे जावेत.

"पावसाळ्यात झाड वाढतं, पुढं पाणी आटलं की थांबतं. थांबलं की रेघ," सर भिंगातून बघत म्हणाले. "रेघा दूर दूर, म्हणजे पाऊसपाणी चांगलं. अशा चिकटून आल्या, म्हणजे दुष्काळ."

"दुष्काळबी दिसतोय?" चहा घेऊन आलेली गोजाबाई म्हणाली.

"दिसतो की. वणवा लागला, वीज पडली, फांदी तुटली, तेही दिसतं. झाड वरून भरून काढतं, आत खूण राहते."

तिनं चहाची कपबशी इतकी जपून खाली ठेवली, की सरांनी वर बघितलं.

चौथ्या दिवशी सरांनी बनाचा नकाशा काढला. झाडागणिक आकडा. मग वही मिटून ते ज्ञानूला म्हणाले, "ज्ञानोबा, तुमच्या बनात देव फार हो."

"जुनं बन हाय सर."

"तेवीस मोजले. सगळ्यांना शेंदूर, सगळे माणसाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. आणि सगळे फांदी फुटते त्या जागी."

ज्ञानूनं मुठीवर जोर दिला. "देव जितं बसंल तितं."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "शेंदराच्या झाडाला मी हात लावणार नाही, काळजी करू नका. कौल झाडांचा घेतलाय, देवांचा नाही. आमच्याही घरी असल्या रीती पाळतात."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर गोजाबाईला सोपं गेलं असतं.

*

देव तेवीस, कारण घरं तेवीस.

पाच वर्षांमागचा, त्र्याहत्तरचा चैत्र. गाव सांगोल्याच्या रस्त्यावर खडी फोडत होतं. गाई-बैलांना छावणी होती. मेंढरांना कोण विचारतो? ज्ञानूच्या साठ मेंढरांतली एकोणीस उरली होती. पाडव्यानंतरच्या पहिल्या ऐतवारी खडीचं काम बंद होतं. भरदुपारी गोजाबाईनं पाहिलं, तिची बांडी मेंढी गोणपाट चावत होती. चावत होती आणि गिळत होती. बनात अंजन उभे होते. शिवारातले बाकीचे अंजन केव्हाच बोडके होऊन सरपणात गेले होते, इथले मात्र तेवढ्या उन्हातही हिरवे, आणि अंजनाचा पाला मेंढराला पेढ्यासारखा.

तेव्हा डोळस असलेली बनाबाई तिच्याकडं एकटक बघत होती. तिनं कोपऱ्यात ठेवलेलं 'ते' पायानं सुनेकडं सरकवलं.

गोजाबाई सपाट दगडापाशी थांबली नाही. देवळाच्या दारात ज्ञानू बसला होता. त्यानं तिला येताना पाहिलं, तिच्या हातातलं पाहिलं, आणि तो उठून तोंड देवाकडं करून बसला. पहिला घाव अंजनाच्या अंगावरनं सटकला आणि तिच्या डाव्या अंगठ्यावर आला. दुसरा बसला.

पाला पडल्याचा आवाज माळावर लांब जातो. सूर्य कलायच्या आत सगळं गाव बनात होतं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. प्रत्येक घरानं एकेक झाड धरलं, खालच्या फांद्या उतरवल्या, भारे बांधले. मग देवळापुढं सगळ्यांनी भंडारा उचलला, की ह्याची वाच्यता करायची नाही. जो बोलेल त्याची मेंढरं बसतील, ती पुन्हा उठायची नाहीत.

पण घाव पांढरे होते आणि रस्त्यावरनं दिसत होते. दुसऱ्या दिवशी खडीवरचे साहेब पाणी प्यायला तिकडनं येणार, असं कळलं. गोजाबाईनं आधी घावाला चिखल फासला. उन्हानं तो दुपारपर्यंत गळून पडला. मग तिनं देवळातला शेंदूर तेलात कालवला आणि घावावर हात फिरवला. साहेब आले, त्यांनी झाडाकडं पाहिलं आणि नमस्कार केला. शेंदूर दिसला की माणूस बघायचं सोडतो आणि हात जोडतो, हे तिला त्या दिवशी कळलं. गावालाही कळलं. तेवीस घरं, तेवीस देव. शेजारच्या फुलाबाईच्या देवानं पुढं तिला नातू दिला, त्यामुळं त्याला अमावास्येला नारळ सुरू झाला. कल्लप्पाच्या देवाला तर पितळी डोळे आले. त्या दुष्काळानं गावाची मेंढरं घटवली आणि देव वाढवले.

वर्षाच्या आत बनाबाईचे डोळे गेले. कुणी काही म्हणालं नाही. म्हणायचीही गरज नव्हती.

*

सातव्या दिवशी गिरमिटाचं टोक अंजनात मोडलं. सरांनी दुसरं लावलं, तिसरं नव्हतं. त्या दिवशी ते लवकर परतले आणि चुलीपाशी, भिंतीला टेकून बसले. गोजाबाई हुलग्याचं माडगं ढवळत होती.

"काय झालं सर? म्हातारं निघालं न्हाय व्हय झाड?"

"निघालं. दोनशे सहा रेघा." ते हसले, पण चेहरा तसाच राहिला. "पण एक घोळ आहे, गोजाबाई. तुमच्याकडं पाऊस दोनदा येतो. एक मृगाचा, एक हस्ताचा. मधे दोन महिने ताण. आता झाड त्या ताणातही थांबलं तर? वर्षाला दोन रेघा. मग दोनशे सहाचे झाले एकशे तीन. म्हणजे साहेबांच्या कागदात लिहिलंय तेवढेच."

"दोन काडतंय का एक, त्ये कसं कळायचं?"

"एखादी खूण पाहिजे, जिचं साल माहीत आहे. समजा एखादी फांदी अमुक वर्षी तुटली. घाव भरताना झाड कडेनं ओठ काढतं. त्या ओठात घावापासून पुढच्याच रेघा असतात. वर्षं आणि रेघा जुळल्या, की एका दिवसात निकाल. पण सगळं गाव म्हणतं, इथं कधी काही तुटलंच नाही." त्यांनी माडग्याची वाटी हातात घेतली. "एवढं राखलेलं बन मी पाहिलं नाही. आणि राखलंय म्हणूनच मला काही सिद्ध करता येत नाही."

ती वाटी देताना तिचा अंगठा पुढं आला होता. नखापासून मनगटाकडं गेलेला पांढरा व्रण. सरांची नजर तिथं थांबली, दिवसभर झाडांच्या व्रणांवर थांबावी तशी.

"जुना दिसतो."

"विळी लागली," गोजाबाई म्हणाली. "लगीन झालं तवा."

सर माडगं प्यायले.

*

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं फुलाबाईला गाठलं. फुलाबाईचा पोहरा आत होता आणि ती दोर सोडत होती.

"फुलाबाय, त्या मास्तराला खूण पायजे. साल ठावं असलेली."

"मग?"

"मग काय? आपल्याकडं तेवीस हायेत."

फुलाबाईच्या हातातला दोर थांबला. खाली पोहरा पाण्यावर आपटून गप्प झाला. "गोजे," ती हळूच म्हणाली, "तुज्या किती गाभण हायेत?"

"एकतीस."

"एकतीस. आन् तुला तोंड उघडायची हौस आलीया." तिनं दोर ओढायला घेतला. "माज्या देवानं मला नातू दिलाय. त्यो देव न्हाय, असं मला कुणी सांगू ने. तूबी न्हाय."

"बन गेलं तर त्यो देव कुटं ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल कुटंबी. नीलगिरीवर बसंल. तू घागर भर आन् जा."

गोजाबाई घागर घेऊन निघाली. वाटेत तिनं मनाशी मोजून पाहिलं. बोललं तर पुजारकी जाणार. लोखंड घेऊन पहिली आत गेली ती पुजाऱ्याचीच बायको, हे कळल्यावर चार एकर कोण ठेवील? मेंढरं बसतील ती वेगळीच. न बोललं तर बन जाणार, आणि बन गेल्यावर पुजारकी कसली? दोन्हीकडून तेच निघत होतं. तरी न बोलण्यात एक बरं होतं, ते आपल्या हातून होत नव्हतं.

दिवस बुडायच्या सुमाराला बांडी व्यायला बसली. तीच बांडी, गोणपाट खाल्लेली. आता दात पडलेली, पण गाभण. कोकराचा पाय अडला होता. गोजाबाईनं कोपरापर्यंत तेल लावलं, हात आत घातला, पाय शोधून सरळ केला. ज्ञानू मेंढीचं डोकं मांडीवर धरून बसला होता. पाच वर्षांत एवढं तोंडासमोर तोंड त्यांचं क्वचित आलं होतं.

"सरांना तू काय बोललीस का?" त्यानं मेंढीकडं बघत विचारलं.

"काय बोलायचं असतंय?"

"काय न्हाय."

कोकरू बाहेर आलं, ओलं, हलेना. गोजाबाईनं त्याच्या नाकातलं बोटानं काढलं, तोंड लावून फुंकर घातली, पाय धरून उलटं झुलवलं. शेवटी ते शिंकलं. ज्ञानूच्या तोंडून सुटलेला श्वास तिला ऐकू आला.

"ज्ञानू," घोंगड्यातनं आवाज आला. "काय झालं रं?"

"बांडी याली आय. मादी हाय."

म्हातारी घोंगड्यातनं अर्धी उठली. "मंग ती मरायला पायजे हुती की त्या साली," ती म्हणाली. "न्हाय मेली. जगली. अजून वितीया."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. पण उठलंही कुणी नाही.

*

मुदतीच्या दिवशी सकाळी दहाला जीप आली. रेंजर साहेब तरुण, इस्त्रीचे. वाईट माणूस नव्हता. सपाट दगडापाशी त्यानं न सांगता कमरेचा पट्टा सोडून ठेवला, बक्कल लोखंडी म्हणून, आणि मग विजार सावरत आत आला. गाव गोळा झालं होतं. सरांनी काड्या ओळीनं मांडल्या होत्या, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चिकटवून, प्रत्येकीवर आकडा. बनाबाईला ज्ञानूनं पाठुंगळी आणून देवळाच्या पायरीवर बसवलं होतं. मला घेऊन चला, म्हणून ती पहाटेपासून मागं लागली होती.

साहेबांनी सगळा अहवाल वाचला. उन्हात उभं राहून, पानामागून पान.

"प्राध्यापक, दोनशे सहा मला मान्य आहेत," ते म्हणाले. "पण शेवटच्या पानावर तुम्हीच लिहिलंय, वर्षाला दोन रेघा असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"लिहिलंय," सर म्हणाले. "कारण नाकारता येत नाही."

"ते पान नसतं तर मी सही केली असती."

"माहीत आहे."

रावजी गार्डानं कपाळावरचा घाम पुसला. एवढं शिकून माणूस इतका भोळा राहतो, याचं त्याला नवल वाटत असावं.

"एखादी खूण मिळाली का, ज्ञात सालाची? तोड? वणवा? काहीही चालेल." साहेब गावाकडं वळले. "मी शेवटचं विचारतो. या बनात कुणाला काही तुटल्याचं, तोडल्याचं आठवतं?"

कल्लप्पा फेटा सावरत पुढं झाला. "सायेब, सात पिढ्या झाल्या, ह्या बनाला लोखंड लागलं न्हाय. लिवून घ्या."

हे त्यानं छाती काढून सांगितलं. त्याच्या मागं तेवीस घरं माना हलवत होती आणि त्यांच्याही मागं त्यांचे तेवीस देव, काही पितळी डोळ्यांचे, उन्हात तेलकट चमकत उभे होते.

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

गोजाबाईनं ज्ञानूकडं पाहिलं. तो देवळाच्या दारात उभा होता. त्या दिवशी बसला होता तिथंच. त्याला कळलं असावं. या खेपेला तो वळला नाही. फोड आलेले दोन्ही हात मांड्यांना पुसत तिच्याकडं बघत राहिला.

देवळाच्या पायरीवर फोडलेल्या नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. तिनं एक उचलली आणि आपल्या देवाच्या झाडाकडं चालायला लागली. बायकांतून फुलाबाई कुजबुजली, "गोजे." मग जरा मोठ्यानं, "अगं गोजे."

"गोजाबाई," कल्लप्पा म्हणाला, "घरला जा."

ती झाडापाशी पोचली. पाच वर्षं जिथं हळदकुंकू वाहिलं त्या जागेवर तिनं करवंटीची धार ठेवली आणि दाबून खरवडलं. शेंदराचं कवच कडेनं सुटलं आणि हातभर खपली तिच्या ओच्यात पडली. आत झाडाचा घाव होता, कुऱ्हाडीच्या दोन धारांचा, काळा पडलेला. आणि त्याच्या भोवतीनं झाडानं जाड ओठ काढले होते, मिटायला आलेले.

सर पुढं आले. त्यांनी घावाकडं पाहिलं, मग तिच्या अंगठ्याकडं. तिनं खपली त्यांच्या हातात दिली. तिच्या तुटलेल्या कडेला थर दिसत होते, एकावर एक, गडद आणि फिके.

"ह्यो देव न्हवं सायेब," गोजाबाई म्हणाली. "ह्यो माज्या कुऱ्हाडीचा घाव हाय. त्र्याहत्तरच्या पाडव्यानंतरच्या पयल्या ऐतवारी मी तोडलं, मेंढरांसाठी. माज्या मागनं सगळ्यांनी तोडलं. तवापास्नं दर दसऱ्याला शेंदराचा एक हात दिलाय, पाच दसरे झाले. सर, हितं गिरमीट लावा आन् मोजा. आन् शेंदूर मोजणार असला, तर आतला पयला हात सोडून मोजा. त्यो दसऱ्याचा न्हाय. त्यो लपवायचा हाय."